गोळी, लोशन की थेट ट्रान्सप्लांट? टकलावरचा उपचार तुम्ही कसा ठरवलात?

अर्धवाट

नमस्कार. वय २८. गेल्या महिन्यात कुणीतरी मागून काढलेला एक ग्रुप फोटो पाहिला. त्यात भोवऱ्यापाशी चमकणारी टाळू माझीच आहे हे कळायला मला जरा वेळच लागला. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत हे ठाऊक होतं, पण ते भांग बदलून झाकता येत होतं. मागचं मात्र मला कधी दिसलंच नव्हतं. वडिलांना पस्तिशीतच टक्कल पडलं होतं. आईच्या वडिलांचे केस शेवटपर्यंत दाट होते, त्यामुळे मी त्यांच्यावर गेलो असेन असं मनाशी धरून चाललो होतो.

दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या डॉक्टरांनी भिंगाच्या यंत्राने टाळू पाहिली आणि फिनास्टराइड १ मिलिग्रॅमची रोज एक गोळी व ५ टक्के मिनॉक्सिडिल लोशन दिवसातून दोनदा, असं लिहून दिलं. किती दिवस, असं विचारलं तर म्हणाले, "केस हवेत तोवर." दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर भेटायच्या आधी समुपदेशक भेटल्या. ३,००० ग्राफ्टचं (म्हणजे मुळासकट काढून लावायच्या केसांच्या पुंजक्यांचं) ट्रान्सप्लांट आणि सोबत पीआरपीची, म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा द्रव टाळूत टोचायची सत्रं, असं त्यांनी कागदावर मांडून दिलं. पुढच्याच आठवड्यातली तारीख मोकळी आहे म्हणाल्या.

घरी येऊन वाचायला बसलो तर गोंधळ आणखी वाढला. कुणाला गोळीने नवं आयुष्य मिळालंय, कुणाचं आयुष्य त्याच गोळीने उद्ध्वस्त झालंय. ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. तुम्ही काय निवडलंत, आणि कशाच्या जोरावर?

त्वचावैद्य

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे औषध सांगणार नाही, पण निवड करताना काय पाहावं ते सांगते.

सर्वात आधी निदान. ताप, टायफॉइड किंवा मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम मूठभर गळायला लागतात. ती वेगळी गोष्ट, बहुतेकदा आपोआप भरून येते. गोल चकते पडले तर तो चाई, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीचा घोळ. त्याची औषधं निराळी. पुरुषी टकलात केस 'गळतात' म्हणण्यापेक्षा ते बारीक होत जातात. प्रत्येक केसाची वाढीची अवस्था दोन ते सहा वर्षांची असते. ती दर फेरीला आखूड होते, मूळ आकसतं, आणि शेवटी लव उरते. भिंगाखाली जाड आणि बारीक केस शेजारी शेजारी दिसतात, ती याची खूण. तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी तेच पाहिलं असणार.

हे घडवतो डीएचटी नावाचा हार्मोन. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून एक विकर (एन्झाइम) तो बनवतो, आणि ज्यांच्या केसांची मुळं जन्मतःच त्याला संवेदनशील असतात त्यांना टक्कल पडतं. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवून दिलं की वयात येण्याआधी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. १९७४ मध्ये ज्युलिअ‍ॅन इम्पेराटो-मॅकगिनली यांनी डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास छापला. त्यांच्यात ते विकर जन्मतःच कमी होतं, त्यामुळे प्रोस्टेट लहान राहायचं आणि टक्कलही पडत नसे. फिनास्टराइड जन्माला आलं ते या निरीक्षणातून.

आणि आजोबांबद्दल: आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावरचं एक जनुक महत्त्वाचं आहे हे खरं, पण बाकीची कितीतरी जनुकं दोन्हीकडून येतात. वडिलांचं टक्कल मोजायचंच असतं.

आता मुख्य मुद्दा. फिनास्टराइड गळती रोखतं, मिनॉक्सिडिल वाढीला रेटा देतं, ट्रान्सप्लांट असलेले केस एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतं. ही तीन वेगवेगळी कामं आहेत. त्यामुळे 'सगळ्यात जोरदार कोणतं' हा प्रश्न चुकीच्या जागी नेतो. आहे ते टिकवायचंय, की गेलेलं परत हवंय? आणि त्यासाठी रोज काय करायची तुमची तयारी आहे, तेही पाच-दहा वर्षं? याचं उत्तर आधी द्या.

सावकाश

वरच्या शेवटच्या प्रश्नाला माझे जोरदार अनुमोदन.

मी नऊ वर्षं मिनॉक्सिडिल लावतोय. सुरू केलं तेव्हा तिसऱ्या आठवड्यात अंघोळीनंतर जाळीवर इतके केस दिसले की बाटली फेकून द्यावीशी वाटली. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की हे अपेक्षित असतं. विश्रांतीत असलेले जुने केस नव्या वाढीने ढकलले जातात, म्हणून पहिले काही आठवडे गळती वाढते. माझी सातव्या आठवड्यात थांबली. चौथ्या महिन्यात भोवऱ्यावर लव दिसली, आठव्या महिन्यापर्यंत ती जाड झाली. कपाळाच्या कोपऱ्यांवर फारसा फरक नाही, हेही सांगून ठेवतो.

पाचव्या वर्षी कंटाळून सोडलं. आता केस स्थिरावलेत असं वाटलं होतं. चार महिन्यांत सगळं कमावलेलं गेलं. पुन्हा सुरू केलं, बरंचसं परत आलं, पण सगळं नाही. म्हणून सांगतो, अर्धवाट, 'केस हवेत तोवर' हे तुझ्या डॉक्टरांनी अगदी सरळ आणि खरं सांगितलं. तो माणूस मला आवडला.

एक बारीक गोष्ट. लोशन केसांना लागून उपयोग नाही, ते टाळूला लागलं पाहिजे. कोरड्या डोक्यावर बोटाने भांग पाडायचा, ड्रॉपर टाळूला टेकवायचा, एक मिलीलिटर वाटून टाकायचं, मग भांग अर्धा इंच सरकवायचा. मी पहिले सहा महिने वरून शिंपडत होतो. तेवढं औषध वाया गेलं.

अर्धवाट

खूप आभार, दोघांचेही. त्वचावैद्य, थेट विचारतो. गोळीने लैंगिक त्रास होतो का? याचं कुणी सरळ उत्तरच देत नाही.

त्वचावैद्य

काहींना होतो. मूळ चाचण्यांत पहिल्या वर्षी १ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के पुरुषांनी कामेच्छा, ताठरता किंवा वीर्यपतनाशी संबंधित तक्रार सांगितली. खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्के जणांनी. औषध बंद केल्यावर बहुतेकांचा त्रास जातो. बंद केल्यावरही तो टिकला असं सांगणारे रुग्ण आहेत, आणि त्यांना मनाचे खेळ म्हणून उडवून लावणं मला मान्य नाही. तो टिकणारा त्रास किती जणांना आणि का होतो यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही.

मनाचा भाग असतो, हेही खरं. २००७ साली प्रोस्टेटच्या रुग्णांवर ५ मिलिग्रॅम गोळीचा एक अभ्यास झाला. ज्यांना लैंगिक दुष्परिणामांची आधी कल्पना दिली त्यांच्यातल्या ४३.६ टक्के जणांनी तक्रार केली, ज्यांना दिली नव्हती त्यांच्यातल्या १५.३ टक्के जणांनी. औषध तेच. म्हणून मी रुग्णाला आकडे सांगते आणि सोबत हेही सांगते की पहिले तीन महिने स्वतःवर पाळत ठेवून बसू नका.

मात्र एका गोष्टीवर पाळत हवीच: मन. उदासी, झोप उडणं, जगण्यात रस न वाटणं. युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा फिनास्टराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. नोंदलेल्या बहुतेक घटना केसांसाठी १ मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या होत्या. असं काही जाणवलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. आधी कधी नैराश्य येऊन गेलं असेल तर ते पहिल्या भेटीतच सांगा. विचारलं नाही तरी सांगा.

फायद्याची बाजूही मांडते. दोन वर्षांच्या चाचणीत गोळी घेणाऱ्या ८३ टक्के पुरुषांची केससंख्या सुरुवातीपेक्षा घटली नाही. खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं. टिकवण्यासाठी इतका भक्कम पुरावा असलेल्या औषधांची यादी फार लहान आहे.

तिसरा_प्रहर

मी गोळी सोडलेल्यांपैकी. अकरा महिने घेतली. केसांना फायदा झाला, खोटं बोलणार नाही. पण पाचव्या महिन्यापासून सगळ्यावर एक राखाडी पडदा आल्यासारखं व्हायला लागलं. कामावर जायचो, बोलायचो, पण आतून काहीच हलायचं नाही. गोळीमुळे असेल असं डोक्यातही आलं नाही, कारण मी फक्त लैंगिक दुष्परिणामांबद्दल वाचलं होतं. बहिणीने विचारलं, "गेल्या काही महिन्यांत नवीन काय सुरू केलंस?" तेव्हा लक्षात आलं.

डॉक्टरांना सांगून बंद केली. दोन-अडीच महिन्यांत मी पुन्हा माझ्यासारखा झालो. गोळीनेच झालं होतं असं सिद्ध करता येणार नाही. पण मला कॉलेजात असताना एकदा नैराश्य येऊन गेलं होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज फक्त मिनॉक्सिडिलवर आहे. केस हळूहळू कमी होतायत, तो वेग मला चालतो.

गोळीला वाईट म्हणायला मी आलेलो नाही. माझा धाकटा भाऊ सहा वर्षं घेतोय, मजेत आहे. मला फक्त आधी हे कुणीतरी विचारायला हवं होतं.

काठावर

अर्धवाट, पुढच्या आठवड्यातली ती तारीख घेऊ नकोस. कृपा करून.

मी २४ व्या वर्षी ट्रान्सप्लांट केलं. केंद्राचं नाव सांगत नाही, त्याने काही साधणार नाही. पुढची रेषा हवी तशी खाली आणून देतो म्हणाले, दिली. दीड वर्ष सुंदर दिसत होतं. पण मागून आणून लावलेले केस डीएचटीला दाद देत नाहीत, त्यांच्या मागचे माझे मूळचे केस देतात. ते पातळ होत राहिले. तिसाव्या वर्षी माझ्या डोक्यावर पुढे एक दाट पट्टी होती, तिच्या मागे मोकळं मैदान आणि मग भोवरा. वारा आला की हात आपोआप डोक्यावर जायचा. ती पट्टी कुणालाही नैसर्गिक वाटली नसती.

शस्त्रक्रियेच्या आधी किंवा नंतर कुणी एका शब्दाने म्हणालं नव्हतं की आधी गळती थांबव. ३३ व्या वर्षी दुसरीकडे गेलो. त्या सर्जननी तीन वेळा परत पाठवलं. वर्षभर औषध घे, फोटो आण, मग बोलू, असं म्हणाले. मग दुसरी शस्त्रक्रिया केली आणि मधली जागा जेवढी भरता आली तेवढी भरली. पूर्ण नाही भरली, कारण मागच्या बाजूचा साठा मोजका असतो आणि त्यातला मोठा वाटा पहिल्यांदाच कपाळावर खर्च झाला होता.

त्वचावैद्य

काठावर यांचा अनुभव प्रत्येक तरुण मुलाने वाचावा. आपल्या जागेचा गुण घेऊन केस दुसऱ्या जागी जातो, हे नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडलं आणि सगळं ट्रान्सप्लांट त्यावर उभं आहे. पण ते तत्त्व फक्त नेलेल्या केसांना लागू आहे. पंचविशीच्या आत गळतीचा नकाशा कुठवर जाणार हेच कळत नाही, म्हणून तेव्हा रेषा खाली आखणारा सर्जन पुढच्या वीस वर्षांचा विचार करत नसतो. लावलेले केस पहिल्या महिन्यात गळून जातात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि खरा निकाल वर्षाने दिसतो, हेही आधी माहीत असावं.

रानजाई

माझ्या नवऱ्याने गोळी सुरू केली तेव्हाच आम्ही बाळाचा विचार करत होतो. तीन गोष्टी कुणी सांगत नाही, त्या लिहिते.

तो ५ मिलिग्रॅमची गोळी आणून सुरीने चार तुकडे करायचा. ओट्यावर पांढरी भुकटी पडायची आणि मीच ती पुसायचे. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी हे ऐकलं आणि त्या एकदम गंभीर झाल्या. गरोदर बाईच्या अंगात हे औषध गेलं तर मुलगा असल्यास त्याच्या जननेंद्रियांच्या घडणीवर परिणाम होऊ शकतो. आवरण असलेली अख्खी गोळी हाताळली तर भीती नाही. तुटलेली, कुटलेली नको. तेव्हापासून तुकडे बंद.

शुक्राणूंची तपासणी केली, संख्या कमी आली. काही पुरुषांत या गोळीने तसं होतं आणि थांबवल्यावर सुधारतं, असं आम्हाला सांगितलं. त्याने थांबवली, नंतरची तपासणी चांगली आली. आज मुलगी तीन वर्षांची आहे.

आणि घरात मांजर असेल तर मिनॉक्सिडिलपासून तिला जपा. थोडंसं चाटलं तरी मांजरांना ते विषारी आहे. आमची माऊ त्याच्या उशीवर झोपायची आणि सकाळी त्याच्या डोक्याला डोकं घासायची. आम्ही तिला रात्री दुसऱ्या खोलीत ठेवायला लागलो, अभ्रा रोज धुवायला लागलो.

दुपारची_सावली

ड्युटास्टराइड जास्त ताकदवान आहे म्हणतात. मग थेट तेच का नको? आणि मिनॉक्सिडिलची गोळी पण मिळते ना? लोशनचा चिकटपणा मला सहन होत नाही.

त्वचावैद्य

ड्युटास्टराइड त्या विकराचे दोन्ही प्रकार रोखतं, फिनास्टराइड मुख्यतः एकच. रक्तातला डीएचटी फिनास्टराइडने साधारण ७० टक्के उतरतो, ड्युटास्टराइडने ९० टक्क्यांहून जास्त. केसांची वाढही सरासरीने थोडी जास्त दिसते. पण फिनास्टराइड काही तासांत निम्मं होतं, ड्युटास्टराइडला सुमारे पाच आठवडे लागतात. म्हणजे त्रास झालाच तर ते शरीरातून निघायला महिने लागतात. रक्तदानासाठी फिनास्टराइड थांबवल्यावर महिनाभर आणि ड्युटास्टराइडनंतर सहा महिने थांबायला सांगतात, ते याच कारणाने. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये ते केसांसाठी मंजूर आहे, अमेरिकेत फक्त प्रोस्टेटसाठी. फिनास्टराइडने वर्षभरात भागलं नाही तर मी त्याचा विचार करते. पहिल्या पायरीवर नाही.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचीच गोळी. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून लोशन निघालं, १९८८ मध्ये २ टक्क्यांचं. केसांसाठी आता तीच गोळी खूप कमी मात्रेत देतात. मात्र २०२४ मध्ये पुरुषांवरच्या एका चाचणीत रोज ५ मिलिग्रॅमची गोळी ५ टक्के लोशनपेक्षा सरस ठरली नाही. ज्यांना लोशन झेपत नाही त्यांना ती सोयीची पडते. गालावर, कपाळावर, हातांवर केस वाढू शकतात, घोटे सुजू शकतात, छातीत धडधडू शकतं. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा इतिहास असेल तर तपासणीशिवाय हात लावू नका. त्याआधी मिनॉक्सिडिलचा फोम वापरून पाहा. बऱ्याच जणांना खाज येते ती लोशनमधल्या प्रोपिलीन ग्लायकॉलने, आणि ते फोममध्ये नसतं.

तिन्हीसांज

वय ५६, केसांसाठी बारा वर्षं गोळी. वयस्कर वाचकांसाठी एवढंच: पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची रक्ततपासणी करताना डॉक्टरांना फिनास्टराइडच्या गोळीबद्दल सांगा. या औषधाने तो आकडा जवळपास निम्मा दिसतो. माझा 'अगदी छान' आला होता, डॉक्टरांनी दुप्पट करून वाचला आणि पुढच्या तपासण्या करायला लावल्या. काही निघालं नाही. पण निघालं असतं, तर न सांगितल्यामुळे ते नजरेतून सुटलं असतं.

दुपारची_सावली

आणि पीआरपी, बायोटिन, डर्मारोलर?

त्वचावैद्य

पीआरपीने काहींना फायदा होतो. पण प्रत्येक ठिकाणी बनवायची पद्धत वेगळी, त्यामुळे एका अभ्यासाचा निकाल दुसरीकडे लागू होत नाही. जोड म्हणून ठीक, पाया म्हणून नाही. डर्मारोलरसारख्या बारीक सुयांच्या उपचाराला मिनॉक्सिडिलसोबत चांगले निकाल मिळालेत, पण घरी अस्वच्छ रोलर फिरवून टाळूला जंतुसंसर्ग झालेले रुग्ण मी पाहिलेत. बायोटिनची कमतरता नसेल तर त्याने टक्कल थांबत नाही. उलट जास्त मात्रेत ते थायरॉइड आणि हृदयाच्या ट्रोपोनिन तपासणीचे आकडे चुकवतं. रक्त तपासायला जाताना ते घेत असल्याचं सांगा.

मोकळे_आकाश

एक पर्याय राहिला, तोही खराच पर्याय आहे. मी चार वर्षं लोशन लावलं, मग ३१ व्या वर्षी मशीन फिरवलं. कुणी सांगितलं म्हणून नाही. सकाळ-संध्याकाळ आरशासमोर माझी पंधरा-पंधरा मिनिटं जात होती आणि दिवसभर डोक्यात तेच असायचं. उपचार सोडणं म्हणजे हरणं, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही. ज्यांना केस टिकवायचेत त्यांनी जरूर टिकवावेत, त्यात कमीपणा काही नाही. मला तो वेळ परत हवा होता.

अर्धवाट

सगळं दोनदा वाचलं. तिसरा_प्रहर, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ तसाच बसलो. कारण माझंही तेच आहे. शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी सात महिने औषधं घेतली होती. मलाही ते कुठल्याच डॉक्टरांनी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

काल पहिल्या डॉक्टरांकडे परत गेलो आणि सांगितलं. त्यांनी गोळी खोडली. आधी फक्त मिनॉक्सिडिल, बारा महिने. मग दोघांनी मिळून फोटो पाहायचे. तेव्हाही गळती चालूच असेल तर गोळीचा विचार करायचा, पण मानसोपचारतज्ज्ञांचं मत घेऊन, आणि घरात कुणालातरी सांगून. मी आत्ताच बहिणीला सांगून ठेवलंय, कारण ते मला फार पटलं. ट्रान्सप्लांटची तारीख नको, असं फोन करून कळवलं. काठावर, तुमच्यामुळे. मनापासून आभार.

मला आहे ते टिकवायचंय, हे लिहिता लिहिता कळलं. कोपरे परत आले नाहीत तरी चालेल.

आज पाच फोटो काढले: समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि मागून. खिडकीशेजारची एकच जागा ठरवलीय, केस कोरडे, फ्लॅश बंद. मागचा फोटो बहिणीने काढला.

सावकाश

छान केलंस. फोटो तीन महिन्यांच्या आत शेजारी ठेवून बघू नकोस, मधल्या गळतीने उगाच धीर सुटेल. आणि रात्रीचं लोशन झोपायच्या दोन तास आधी लाव. नाहीतर निम्मं उशीला लागतं.